बायपासमध्ये रक्ताचं काय होतं, पंपवालीच्या नजरेतून

बायपास म्हटलं की लोक एकच विचारतात, ब्लॉकेज किती होते. तीन की चार, नव्वद टक्के की शंभर. बिल्डिंगच्या खाली, ठाणे लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे कुठे कळतं की ही हार्टच्या ऑपरेशनला असते तिथे पहिला प्रश्न हाच. रक्ताबद्दल कोणी विचारत नाही. आणि खरं सांगू का, ऑपरेशनच्या त्या काही तासांत आणि नंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत सगळ्यांना नाचवतं ते रक्तच. गोठू नकोस म्हटलं की गोठायला बघतं, आणि आता गोठ बाबा एकदाचं म्हटलं की गोठता गोठत नाही.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन, आमच्या भाषेत पंप, चालवते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आम्हाला सरळ पंपवाले म्हणतात. डॉक्टर नाहीये मी, त्यामुळे तुमची कुठली गोळी चालू ठेवायची नि कुठली बंद करायची हे मला विचारू नका, ते तुमच्या सर्जनला विचारा. पण परवा खालच्या मजल्यावरचे काका विचारत होते की "अगं, ऑपरेशनच्या आधी माझी गोळी बंद केली, ऑपरेशन झाल्या झाल्या परत सुरू केली, मग बंद कशाला केली होती?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि डिस्चार्जच्या गडबडीत त्याचं उत्तर द्यायला कोणाकडे वेळ नसतो, म्हणून म्हटलं सगळंच एकदा लिहून टाकू.

तर सुरुवात गोळ्यांपासूनच. हार्टच्या बहुतेक पेशंटना ॲस्पिरिन आणि जोडीला आणखी एक प्लेटलेटवरची गोळी असते (प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या एकमेकींना चिकटून गुठळी करणाऱ्या बारीक पेशी). ॲस्पिरिन बरेच सर्जन चालू ठेवतात. दुसरी मात्र बंद करतात, क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण ५ दिवस आधी, प्रासुग्रेल असेल तर ७, टिकाग्रेलॉर असेल तर ३ ते ५. कारण असं की क्लोपिडोग्रेल एखाद्या प्लेटलेटला लागू पडलं की ती प्लेटलेट मरेपर्यंत लुळी, ती परत सुधारत नाही, शरीराला नवीन तयार कराव्या लागतात आणि प्लेटलेटचं आयुष्य असतं ७ ते १० दिवसांचं. रोज थोड्या जुन्या जातात, थोड्या नव्या येतात, पाच दिवसांत कामापुरत्या ताज्या प्लेटलेट जमतात. ज्याला ॲटॅक आल्यावर कॅज्युअल्टीमध्ये एकदम भरपूर गोळ्या चघळायला दिल्यात आणि दुसऱ्या दिवशी अर्जंट बायपासला घ्यावं लागलं, त्या केसला आम्हाला आधीच माहीत असतं की आज घरी जायला उशीर आहे.

आता मुख्य भानगड. रक्त आपल्या नसांमध्ये का गोठत नाही? तर नसांचं आतलं जे अस्तर असतं ते जिवंत असतं, ते सतत काही ना काही सोडून रक्ताला शांत ठेवतं. आमच्या मशीनमध्ये ते अस्तर नाही. तिथे प्लॅस्टिकच्या नळ्या आहेत, रक्त साठवायचा रिझर्व्हायर आहे, रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर आहे, आणि रक्त प्लॅस्टिकला लागलं रे लागलं की त्याला वाटतं कुठेतरी जखम झाली, चला कामाला लागा. काहीच न देता पेशंटला पंपावर घेतलं तर ऑक्सिजनेटर बघता बघता गुठळ्यांनी भरेल आणि पुढचं मला लिहायचंही नाही. म्हणून हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध.

हेपरिनची गोष्ट मला फार आवडते. १९१६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत मॅक्लीन नावाचा मेडिकलचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा, त्याच्या सरांनी, हॉवेल यांनी, त्याला काम दिलं होतं रक्त गोठवणारा पदार्थ शोधायचं, आणि लिव्हरमधून काढलेल्या अर्काने रक्त गोठायच्या ऐवजी गोठेनासंच झालं. पुढे १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं ते हेपरिन होतं म्हणूनच. बायपास मात्र नव्हती ती, हृदयाच्या पडद्यातलं भोक बुजवलं होतं. पायाची नस वापरून बायपास करायची पद्धत नीट बसवली ती फावालोरो यांनी, १९६७ मध्ये, क्लीव्हलँडला.

हेपरिन स्वतः काही करत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा एक ब्रेक असतोच, हेपरिन त्याला चिकटतं आणि तो ब्रेक जवळजवळ हजारपट जोरात लागतो. आधीच झालेली गुठळी हेपरिन विरघळवत नाही, नवीन होऊ देत नाही, बस. डोस वजनावर, किलोला ३०० ते ४०० युनिट. ७० किलोच्या माणसाला वीस हजारांच्या वर युनिट एका दमात जातात.

दिल्यावर माझं काम सुरू. दोन-तीन मिनिटं थांबायचं, दोन मिली रक्त घ्यायचं, एसीटीच्या, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते बघायच्या टेस्टच्या, ट्यूबमध्ये टाकायचं, हलवायचं नि मशीनच्या भोकात खुपसायचं. ट्यूबमध्ये रक्ताला डिवचणारी पावडर असते आणि एक छोटं चुंबक असतं. ट्यूब फिरत राहते, रक्त गोठलं की चुंबक जागचं हलतं, मशीन बीप करतं आणि सेकंद दाखवतं. नॉर्मल माणसाचं शंभर-सव्वाशे सेकंदात वाजतं. आम्हाला पाहिजे ४८०, म्हणजे आठ मिनिटं. म्हणजे गंमत बघा, ही टेस्ट पास होते ती काहीच न झाल्यामुळे. दोनशे, अडीचशे, तीनशे... आकडा वर जातोय, सर्जन तिकडून "एसीटी?" विचारतोय, मी म्हणते "तीनशे वीस, चालू आहे सर", ॲनेस्थेटिस्ट मान वर करून बघतोय, आणि चारशे ऐंशी उलटल्याशिवाय मी हो म्हणत नाही. मग पंपावर गेलो की दर वीस-तीस मिनिटांनी परत तेच.

कधी कधी काय होतं, पूर्ण डोस देऊनही ट्यूब तीनशेलाच वाजते. असे पेशंट बहुतेक वेळा आयसीयूत बरेच दिवस हेपरिनच्या ड्रिपवर काढून आलेले असतात, त्यांचं अँटिथ्रॉम्बिन वापरून वापरून संपत आलेलं असतं, म्हणजे एक्सलरेटर दाबताय पण पेट्रोलच नाही. मग आणखी हेपरिन, तरी नाही जमलं तर एफएफपी म्हणजे प्लाझ्मा, रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग, द्यायचा, कारण त्यात अँटिथ्रॉम्बिन असतं. रक्त गोठू नये म्हणून प्लाझ्मा, हे ऐकायला उलटं वाटतं पण आहे असंच.

पंपावर गेल्यावर हेपरिन असूनही रक्ताची झीज होतच असते. एक तर मशीन कोरडं चालत नाही, ते आधी सलाइनसारख्या फ्लुइडने भरून घ्यावं लागतं, लिटर-दीड लिटर. ते सगळं पेशंटच्या रक्तात मिसळतं. धडधाकट ऐंशी किलोच्या माणसाला फारसा फरक पडत नाही, पण लालबाग-परळच्या आमच्या पंचेचाळीस किलोच्या आज्या असतात ना, अंगात मुळात रक्त तीन लिटरच्या जरा वर, हिमोग्लोबिन आधीच दहा, त्यांच्यात दीड लिटर पाणी मिसळलं की प्लेटलेट, फायब्रिनोजेन (गुठळीची जाळी, म्हणजे फायब्रिन, ज्यापासून बनते ते प्रोटीन), सगळंच विरळ. म्हणून बारीक बायकांना रक्त जास्त चढवावं लागतं, त्यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. शिवाय प्लॅस्टिकवर पहिल्या काही मिनिटांतच फायब्रिनोजेनचा थर बसतो, त्याला प्लेटलेट चिकटतात, चिकटून सुटलेल्या परत रक्तात येतात पण त्यांच्यातला दम गेलेला असतो. रिपोर्टमध्ये प्लेटलेट लाखभर दिसतील पण त्यातल्या कामाच्या किती हे काउंट सांगत नाही. वरून आम्ही पेशंटला थोडं थंड करतो, आणि थंडीत गोठण्याची सगळी केमिस्ट्री मंदावते.

आणि शेवटचं म्हणजे शरीर स्वतःच झालेल्या गुठळ्या विरघळवायला लागतं. प्लास्मिन नावाचं एन्झाइम फायब्रिनची जाळी कुरतडतं. त्यावर ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. हेच औषध बायकांना पाळीत जास्त जातं तेव्हा देतात, नाव ओळखीचं वाटेल. जपानच्या ओकामोतो नवरा-बायकोने साठच्या दशकात शोधलेलं, स्वस्त, आणि माझ्या मते ओटीतलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं औषध. डोस फार वाढवला तर फिट येऊ शकते, त्यामुळे तेही बेताने.

ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालणाऱ्या पायातल्या-छातीतल्या नसा, जोडून झाले, हृदय परत नीट चालायला लागलं, पंपावरून उतरलो, की आता एकदम उलटा प्रवास. हेपरिन उतरवायचं. त्यासाठी प्रोटामीन. हे मूळचं सॅमन माशाच्या वीर्यातून मिळतं, हो, बरोबर वाचलंत, आणि हेपरिन बहुतेक ठिकाणी डुकराच्या आतड्यातून काढतात. शुद्ध शाकाहारी घरातल्या लोकांना हे सांगावं का यावर आमच्यात चहाच्या वेळी वाद होतात, माझं मत असं की विचारलं तर खरं सांगावं. हेपरिनवर निगेटिव्ह चार्ज, प्रोटामीनवर पॉझिटिव्ह, दोघं एकमेकांना मिठी मारतात नि संपला विषय. साधारण १०० युनिट हेपरिनला १ मिलिग्रॅम. पण द्यायचं अगदी सावकाश, दहा-पंधरा मिनिटं घेऊन, कारण भसकन दिलं की बीपी कोसळतं. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं दुधाळ रंगाचं इन्सुलिन घेतलंय, एनपीएच किंवा मिक्स्चरवालं, त्यांच्या इन्सुलिनमध्ये प्रोटामीन असतंच, शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसलेलं असू शकतं, रिॲक्शनची शक्यता जास्त. म्हणून ॲनेस्थेशियाचे डॉक्टर आदल्या दिवशी येऊन "इन्सुलिन कुठलं" विचारतात तेव्हा "ते काय, सकाळ-संध्याकाळ घेतो ते" असं उत्तर देऊ नका हो, बाटली दाखवा. जास्त प्रोटामीन झालं तरी पंचाईत, ते स्वतःच रक्त गोठू देत नाही. आणि कमी पडलं तर काही तासांनी पेशींत, प्रोटीनला चिकटून लपलेलं हेपरिन परत बाहेर येतं आणि आयसीयूत रक्त परत वाहायला लागतं.

बाहेर नातेवाइकांना सांगतात की "जरा ऊझिंग आहे". म्हणजे काय तर टाका सुटलाय असं नाही, पण सगळीकडून थोडं थोडं पाझरतंय, सुईच्या भोकातूनसुद्धा. टाक्यातून येणारं रक्त आणि न गोठल्यामुळे येणारं रक्त यात फरक करणं हीच खरी कसोटी, कारण पहिल्याला परत छाती उघडावी लागते आणि दुसऱ्याला प्लेटलेट, प्लाझ्मा, क्रायो (प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनवाला भाग). जिथे टीईजी मशीन आहे तिथे बरं पडतं, ते रक्ताची गुठळी तयार होताना तिचा आलेखच काढून दाखवतं, कुठे कमी पडतंय ते त्यावरून समजतं.

इथेच ब्लड बँकेची धावपळ येते. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे, त्यामुळे हॉस्पिटल म्हणतं डोनर आणा, मग गणपती मंडळाच्या ग्रुपवर मेसेज, ऑफिसातली पोरं, भाचे, सगळे रांगेत. कृपया ऑपरेशनच्या आदल्या रात्री हे सुरू करू नका, प्लेटलेट पाच दिवसच टिकतात आणि त्या द्यायलाच तास-दीड तास खुर्चीत बसावं लागतं. आणि मुंबईकर म्हणून एक माहिती असूद्या, बॉम्बे ब्लड ग्रुप हा प्रकार इथलाच, १९५२ मध्ये परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. साध्या तपासणीत हे लोक ओ ग्रुपचे वाटतात, क्रॉसमॅच, म्हणजे डोनरचं आणि पेशंटचं रक्त जुळवून बघितल्यावर मात्र कुठलंच ओ रक्त जुळत नाही. फार कमी लोकांचा असतो, पण बायपासच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

केस झाली की मी आयसीयूत एक चक्कर मारते. छातीतून निघालेल्या नळ्या, खाली बाटली, बाटलीवर मिलीच्या रेघा, सिस्टर दर तासाला पेनाने खूण करून वेळ लिहितात. पहिल्या तासाला शंभर, मग ऐंशी, मग पन्नास असं उतरत गेलं की सगळे खूश. तासाला दोनशेच्या वर सलग जात राहिलं की सर्जनला फोन. शंभरातल्या दोन ते पाच जणांना रक्तासाठी परत ओटीत न्यावं लागतं. एकदा एक काकू काचेतून बघून मला म्हणाल्या (मला सगळे सिस्टरच समजतात, मी दुरुस्त करत नाही), "सिस्टर, मघापासून थेंब पण नाही आला, थांबलं वाटतं एकदाचं." हळूहळू कमी होत थांबलं तर छानच. पण दीडशे चाललंय, आणि एकदम शून्य, आणि बीपी खाली यायला लागलं, तर आमच्या पोटात गोळा येतो, कारण नळीत गुठळी अडकून रक्त आतच, हृदयाभोवती साचत असू शकतं. मग हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. त्याला टॅम्पोनाड म्हणतात. म्हणून सिस्टर त्या नळ्या अधूनमधून तपासत, मोकळ्या ठेवत असतात. त्या दिवशी काकूंच्या पेशंटचं हळूहळूच कमी झालं होतं, तसं मी सांगितलं त्यांना.

आणि आता खालच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर. रक्त वाहायचं आटोक्यात आलं की, शक्य असेल तर पहिल्या ६ तासांतच, ॲस्पिरिन द्यायला सांगतात. म्हणजे दुपारी प्लेटलेट चढवल्या आणि रात्री प्लेटलेटला लुळं करायची गोळी. वेडेपणा वाटतो. पण पायातून काढलेली नस बघा, ती काढताना, धुताना, फुगवून बघताना तिचं ते जिवंत अस्तर थोडंफार खरवडलं जातंच, आणि आता तिच्यातून धमनीच्या प्रेशरने रक्त जाणार. खरवडलेल्या जागी प्लेटलेट बसल्या की गुठळी, आणि ग्राफ्ट बंद. पायाच्या नसांपैकी दहातली एखादी तरी पहिल्या वर्षात बंद पडतेच, आणि सुरुवातीच्या महिन्यात पडली तर कारण बहुतेक गुठळी. छातीतली आर्टरी, ती लिमा म्हणतात ती, तिचं अस्तर शाबूत राहतं, दहा वर्षांनीही दहातल्या नऊ चालू असतात, म्हणून सगळ्यात महत्त्वाच्या जागी सर्जन तीच लावतो.

शिवाय शरीरही आता दुसऱ्या बाजूला झुकलेलं असतं. ऑपरेशनच्या माराने लिव्हर फायब्रिनोजेन जोरात बनवायला लागतं, दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट नॉर्मलच्याही वर जातात. ज्या रक्ताला पहिल्या रात्री गोठता येत नव्हतं ते आता गोठायला टपलेलं. दोन-तीन दिवसांतच फिजिओ येऊन उठवून चालवतात, पायात घट्ट मोजे घालायला लावतात ते त्यासाठीच, त्यांना शिव्या घालू नका.

बीटिंग हार्ट, म्हणजे पंप न वापरता केलेली बायपास, आपल्याकडे खूप होते. तिथे आम्ही मशीन तयार ठेवून कोपऱ्यात बसतो आणि आपली गरज लागू नये अशी प्रार्थना करतो. हेपरिन लागतं पण कमी, रक्त विरळ होत नाही, प्लेटलेट शाबूत. सोपं वाटतं ना? पण शाबूत म्हणजे गोठायला पण शाबूत. ऑपरेशनचा मार तर बसलेलाच असतो, त्यामुळे अशा पेशंटना बरेचदा ॲस्पिरिनबरोबर दुसरी गोळीही कितीतरी महिने देतात. "माझं तर पंपाशिवाय झालं, मला दोन गोळ्या का?" असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार-पाच जणांतल्या एकाचे तरी ठोके बेताल होतात, एट्रियल फिब्रिलेशन. बहुतेकांचं औषधाने जातं. पण वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही तेव्हा त्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिस, म्हणून ते दोन दिवसांहून जास्त टिकलं तर काही आठवडे आणखी एक गोळी देतात. ही ॲस्पिरिनपेक्षा वेगळ्या जातीची, आणि ती कधी बंद करायची हे फाइलवर लिहून घ्या, नाहीतर कोणी वर्षभर घेत बसतं आणि कोणी चौथ्या दिवशी सोडतं.

घरी आल्यावर जे होतं ते मात्र माझ्या डोक्यात जातं. दाढ काढायची म्हणून ॲस्पिरिन आठवडाभर बंद, स्वतःच्या मनाने. दात काढताना बहुतेक वेळा ती बंद करायची गरजच नसते, डेंटिस्टला सांगा, तो सर्जनला फोन करेल. छाती दुखते म्हणून शेजाऱ्याकडून आयबुप्रोफेनची गोळी, जी बायपासनंतर मुळातच नको असते आणि ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटपर्यंत पोचूच देत नाही. दुखतंय तर दिलेली पॅरासिटामॉल घ्या ना. आणि अंगावर छोटे निळे डाग दिसले म्हणून घाबरून सगळं सोडून देणं, हे तर मी आमच्याच नात्यात बघितलंय. डाग चालतात, काळी शी किंवा न थांबणारं नाकातलं रक्त चालत नाही, तेव्हा फोन करा.

एक शेवटचं, कमी लोकांना होतं पण माहीत असायला हवं. हेपरिन दिल्यावर साधारण ५ ते १० दिवसांत काही जणांच्या प्लेटलेट अर्ध्यावर येतात. बायपासनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत प्लेटलेट पडणं नेहमीचं, पण चढून परत पडल्या तर शंका घ्यायची. याला एचआयटी म्हणतात, हेपरिनमुळे शरीर अशी अँटिबॉडी बनवतं की ती प्लेटलेटना उलट पेटवते. म्हणजे काउंट कमी दिसतो म्हणून रक्त वाहील असं वाटतं आणि प्रत्यक्षात पायात, फुप्फुसात गुठळ्या होतात, आणि अशा वेळी प्लेटलेट चढवणं सहसा टाळतात. हार्ट सर्जरीच्या शंभर पेशंटमध्ये एक ते तीन जणांना होतं. डिस्चार्ज लवकर झाला असेल तर हे घरी असतानाच होऊ शकतं, म्हणून पायाला एकाएकी सूज, दम लागणं, यासाठी फॉलो-अपच्या तारखेची वाट बघू नका. ज्यांना हे निघालं त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात 'हेपरिन नको' लिहून घ्या, आणि पुढे कधीही ॲडमिट व्हाल, अँजिओग्राफी असो की डायलिसिस, ते पान आधी दाखवा, कारण सुई बंद पडू नये म्हणून लाइनमध्ये जो फ्लश मारतात त्यातही कधी कधी हेपरिन असतं.